एसी सर्किटचं गणित: आधी फेजर, मग फॉर्म्युला

एसीचं गणित समोर आलं की बरेच जण थेट फॉर्म्युल्यात आकडे टाकायला लागतात आणि मग उत्तर कुठे चुकलं तेच कळत नाही. डीसीत व्होल्टेजची सरळ बेरीज चालते, इथे नाही चालत, कारण इथे प्रत्येक व्होल्टेज किती आहे एवढंच नाही तर ते करंटच्या पुढे आहे की मागे हेही बघावं लागतं. म्हणून आधी फेजर काढायचा, म्हणजे लांबीने किती आणि दिशेने पुढे की मागे ते दाखवणारा बाण.

समजा ३० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१२७ हेन्रीचा इंडक्टर सिरीजमध्ये आहेत, सप्लाय २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. (हे २३० म्हणजे आरएमएस, तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीइतकं मूल्य; पीक म्हणजे सर्वात वरचं टोक साधारण ३२५ असतं.) सिरीजमध्ये करंट सगळीकडे एकच, म्हणून त्याचा बाण आडवा काढा, रेझिस्टरचं व्होल्टेज त्याच्याच रेषेत, इंडक्टरचं ९० अंश पुढे म्हणजे सरळ वर, कपॅसिटर असेल तर त्याचं सरळ खाली. पॅरलल असेल तर व्होल्टेज आडवं घ्यायचं, बाकी तसंच पण तिथे इंडक्टरचा करंट खाली जातो, इथे हमखास गडबड होते.

आता रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे इंडक्टर एसीला करतो तो विरोध, २ × ३.१४ × ५० × ०.१२७, जवळपास ४० ओहम. ३० आणि ४० ची बेरीज ७० करायची नाही, काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढायचा, ५० ओहम. करंट ४.६ अँपिअर. मग रेझिस्टरवर १३८ व्होल्ट आणि इंडक्टरवर १८४, नुसती बेरीज ३२२ होते, सप्लाय तर २३० च आहे! दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा, बरोबर २३० येतं. हा ताळा प्रत्येक गणितात कराच, अर्ध्या चुका इथेच पकडल्या जातात.

पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्टेज गुणिले करंटचा किती भाग खरी पॉवर होतो ते, ३० भागिले ५०, म्हणजे ०.६ लॅगिंग (करंट व्होल्टेजच्या मागे; पुढे असेल तर लीडिंग). लॅगिंग की लीडिंग ते लिहिल्याशिवाय उत्तर अर्धवटच राहतं. पॉवर २३० × ४.६ × ०.६, म्हणजे ६३४.८ वॅट, आणि करंटचा वर्ग गुणिले ३० केलं तरी तेवढीच, कारण सरासरी पॉवर फक्त रेझिस्टर खातो, इंडक्टर घेतलेली एनर्जी परत करतो.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. याच सर्किटमध्ये ८० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये टाका, त्याचा रिअ‍ॅक्टन्सही जवळपास ४० ओहम, वरचं आणि खालचं एकमेकांना कापतं, उरतो फक्त रेझिस्टर आणि करंट जातो ७.६७ अँपिअरवर. हाच रेझोनन्स. पण कपॅसिटरवर मात्र साधारण ३०७ व्होल्ट येतात, सप्लायपेक्षा जास्त, आणि पीक बघितलं तर ४३० च्या वर! त्यामुळे लॅबमध्ये जोडणी करताना त्याचं व्होल्टेज रेटिंग आधी वाचा, आणि सप्लाय बंद केल्यावरही डिस्चार्ज केल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नका.