वजन उतरवताना अंगातली ताकद कशी टिकवावी?

पहिल्या दिवशी जेवण निम्म्यावर आणायचं, आठवडाभर डोकं धरून चिडचिड करायची आणि दहाव्या दिवशी वडापाववर तुटून पडायचं, हा क्रम बहुतेकांच्या ओळखीचा आहे. वजन आणि थकवा ही दुखणी आपण वेगवेगळी धरतो, आणि मग एकावरचा उपाय दुसऱ्याला वाढवून ठेवतो. म्हणून इथे क्रम उलटा घेतलाय: आधी थकव्याचं कारण शोधा, मग ताटातली वाटणी बदला. काट्याकडे बघायचं ते सगळ्यात शेवटी. घरचं रोजचं जेवण यासाठी पुरतं. किनोआ आणि चिया आवडत असतील तर खुशाल आणा, पण त्यांच्यावाचून काही अडत नाही.

आधी टेप आणि रक्ततपासणी

शिंप्याकडे असते तशी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, अशी ठेवण आपल्याकडे भरपूर दिसते. अशांचं वजन तक्त्यात बसतं, पण मधुमेहाचा संबंध पोटावरच्या चरबीशी जास्त असतो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढणार असाल तर आपल्यासाठी जादा वजन २३ पासूनच धरतात.

दुपारी गळून जायला होत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारून रक्त तपासा: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर). २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. ‘वय झालं आता, दमायला होणारच’ म्हणून जे सोडून दिलं जातं, त्यातलं बरंच या आकड्यात असतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असताना बाईने जेवण कमी केलं, तर वजन जरा उतरेल, पण थकवा आणखी वाढेल. बी-१२ चं तसंच. शाकाहारी माणसांत ते कमी निघणं नेहमीचं आहे, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही. ही कमतरता कितीही बीट आणि खजूर खाल्ले तरी भरून येत नाही, त्याला गोळी किंवा इंजेक्शनच लागतं. थायरॉईड मंदावलेला असेल तर तोच वजनही वाढवतो आणि थकवाही आणतो.

एक फुकटचा उपाय आजच करता येईल. जेवण झालं की लगेच चहा घेऊ नका. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून मध्ये तासाभराचं अंतर ठेवा. उलट पालेभाजीवर आणि उसळीवर लिंबू पिळलं की लोह जास्त शोषलं जातं.

तीन दिवसांची वही

दोन कामाचे दिवस आणि एक रविवार, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा. मुलाच्या ताटातलं उरलेलं, मीठ बघायला घेतलेला घास, ऑफिसातला वाढदिवसाचा केक, सगळं. कॅलरी मोजू नका, फक्त लिहा. बहुतेकांना जेवणात फारशी गडबड सापडत नाही, ती सापडते जेवणांच्या मधल्या वेळात.

चहाचंच बघा. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम. एकूण वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. म्हणजे बिस्किट तोंडात जायच्या आधीच हिशेब चुकला. साखरेऐवजी गूळ घातल्याने गणित बदलत नाही. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करत गेलात तर जीभ कुरकुर करत नाही.

तेलाच्या डब्यावर तारीख

सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे, आणि घरातल्या कुणाला ‘डाएट’ चाललंय असं वाटतही नाही. तेलाचा डबा उघडला की मार्करने त्यावर तारीख लिहा आणि संपला की दिवस मोजा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज ३३ मिलीलिटर होतं. म्हणजे सुमारे २७५ कॅलरी नुसत्या तेलाच्या. हे दोन-अडीच लिटरवर आणता येतं.

कसं, तर तेल डब्यातून थेट कढईत ओतायचं नाही, चमच्याने मोजूनच घालायचं. चार माणसांच्या भाजीला तीन छोटे चमचे पुरतात, अट एवढीच की मोहरी पूर्ण तडतडेपर्यंत धीर धरायचा. आमटीला वरून फोडणी द्यायची तर पळीत दोन चमचे खूप झाले. कोबी, फ्लॉवर, गवार, फरसबी तेलात परतत बसू नका. ताटलीसारखं खोलगट झाकण ठेवून त्यावर पाणी घाला आणि मंद आचेवर वाफेने शिजवा. भाजी बुडाला लागायला लागली तर झाकणावरचंच गरम पाणी आत घाला. आपल्या आज्यांची ही पद्धत नॉनस्टिकच्या नादात मागे पडली. घडीच्या पोळीत तेल असतं, फुलक्यात आणि भाकरीत नसतं. दाण्याच्या कुटावरही नजर ठेवा. एका मोठ्या चमचाभर कुटात ५०-६० कॅलरी असतात आणि आपण ते मुठीने घालतो. कूट सोडू नका, मोजा.

ताटाची नवी वाटणी

आपल्या ताटात पोळी-भाताला मान, भाजी तोंडी लावण्यापुरती आणि वरण पातळ असतं. पोट भरतं, पण प्रथिनं तोकडी पडतात. मग दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅमच्या आसपास. ५० ग्रॅम कोरड्या मटकीत किंवा मुगात साधारण १२ ग्रॅम मिळतात, दोन अंड्यांत १२-१३, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, वाटीभर दह्यात पाच-सहा.

म्हणून अर्धं ताट भाजी आणि कोशिंबिरीचं करा. पाव ताट उसळ, घट्ट वरण, पिठलं, अंडी, मासे किंवा चिकन यांचं, आणि उरलेलं पाव ताट भाकरी, पोळी किंवा भात. भात पातेल्यातून डावाने वाढून घेऊ नका, वाटीने मोजून घ्या. रोज तीन पोळ्या खाणाऱ्याने दोनवर यावं आणि उसळ वाटीभर वाढवावी, एवढा बदल पहिल्या महिन्याला पुष्कळ आहे.

रोज उसळ करायला वेळ कुठे आहे, हा प्रश्न खरा आहे. शनिवारी सकाळी अर्धा किलो मटकी भिजत घाला, रात्री उपसून ओल्या पंच्यात बांधून ठेवा. उन्हाळ्यात रविवार सकाळपर्यंत मोड येतात, थंडीत आणखी अर्धा दिवस लागतो. मोड आले की डबे भरून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस चालतात. नाश्त्याच्या पोह्यांत एक मूठ पोहे कमी करून तेवढीच वाफवलेली मटकी किंवा मटार घातले की अकरा वाजता पोट ओरडत नाही.

उपवासाचं काय? ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीकडे बघूनच सुचली असावी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, वर तूप, कूट आणि बटाटा. त्यापेक्षा वाटीभर भगर, दाण्याची पातळ आमटी आणि काकडीची कोशिंबीर घ्या, किंवा उकडलेलं रताळं आणि ताक.

दिवसातून किती वेळा खावं यावर महाराष्ट्रात घराघरांत वाद आहेत. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवण आटोपण्याची पद्धत, दुसरीकडे दर दोन तासांनी थोडं खाणारे. माझ्या मते दिवसभरात एकूण किती आणि काय खाल्लं हे महत्त्वाचं, वेळापत्रक ज्याचं त्याने सोयीने ठरवावं. अपवाद एकच: इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण टाळू नये, साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते.

चालणं आणि जोर

शतपावली खरंच कामाची आहे. जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाललं की रक्तातली साखर कमी उसळते आणि दुपारची पेंगही कमी होते. शिवाय आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला, म्हणजे बोलता यावं पण गाता येऊ नये इतक्या वेगाने.

नुसत्या चालण्यावर मात्र थांबू नका. खाणं कमी झालं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि ताकद जाते ती तिथेच. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा, भिंतीला हात लावून जोर, आणि दोन हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन जिना, एवढं करा. गुडघे साथ देत असतील तर सूर्यनमस्कार उत्तम. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा प्रचार केला तो धडधाकट शरीरासाठी. आज तेच नमस्कार ‘चरबी जाळायला’ विकले जातात.

झोप सात तासांच्या खाली आली की भूक वाढते आणि गोडाची ओढही. चारनंतर चहा-कॉफी नको. मोठ्याने घोरणं आणि दिवसा बसल्या बसल्या डोळा लागणं एकत्र असेल, तर झोपेत श्वास अडकत असण्याची शक्यता असते. ते कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

यात पैसे घालवू नका

कोमट पाण्यात मध-लिंबू प्यायला हरकत नाही, पण त्याने चरबी वितळत नाही. ‘पंधरा दिवसांत दहा किलो’ वाली चूर्णं आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या लांब ठेवा, अशा अर्कांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. दुधीचा रस घेणाऱ्यांनी तर आधी कच्च्या दुधीचा तुकडा चाखायलाच हवा. कडू लागला तर अख्खा दुधी फेका. त्यातलं कुकुरबिटासिन विषारी असतं, उलट्या, जुलाब आणि पोटात रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो.

काटा कधी बघायचा

आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तर उत्तम चाललंय. पाळीच्या आधी किंवा खारट जेवणानंतर काटा किलोभर वर जाईल, ते पाणी असतं. महिन्याला एकदा घेर मोजा. बऱ्याचदा काटा थांबलेला दिसतो, पण टेप खाली येत असते. आणि काही न करता वजन झपाट्याने उतरत असेल, तर आनंद न मानता तपासणी करा.

दोन महिन्यांत काटाही हलला नाही आणि टेपही, तर वही पुन्हा तीन दिवस भरा आणि तेलाच्या डब्यावरची तारीख बघा. तिथेही काही सापडलं नाही तर पीसीओएस (बायकांमधला संप्रेरकांचा बिघाड) आणि चालू औषधं यांबद्दल डॉक्टरांशी बोला. स्टेरॉईड आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्यांनी वजन वाढतं. ती औषधं मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. पर्याय असतो, तो डॉक्टरांकडून मागून घ्या.