इंग्रजीतील नव्या स्लँग शब्दाचा छडा कसा लावावा

एखादा अनोळखी इंग्रजी स्लँग, म्हणजे अनौपचारिक बोलीतला, शब्द कानावर पडला की अर्थ शोधायला लगेच धावू नये. आधी तो ज्या वाक्यात आला ते वाक्य जसेच्या तसे, तारखेसह टिपून ठेवावे आणि ते कोण कोणाला उद्देशून बोलले हेही लिहावे. वेगवेगळ्या लोकांची तीन-चार वाक्ये जमली की शब्दाचे व्याकरण आपोआप उलगडते. ‘रिझ’चेच पाहा. समोरच्यावर छाप पाडून त्याला आपल्याकडे ओढून घेण्याचे कसब म्हणजे रिझ. काई सेनाट या इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करणाऱ्या अमेरिकी स्ट्रीमरमुळे तो सर्वतोमुखी झाला आणि २०२३ मध्ये ऑक्सफर्डने त्याला वर्षाचा शब्द ठरवले. ‘ही हॅज रिझ’ या वाक्यात तो नाम आहे, तर ‘अप’ जोडला की तोच क्रियापद होतो. तो ‘करिझ्मा’च्या मधल्या तुकड्यातून आला असे मानतात. अशी घडण इंग्रजीत विरळा असली तरी ‘इन्फ्लुएन्झा’तून ‘फ्लू’ याच वाटेने निघाला.

यानंतर अर्बन डिक्शनरी उघडावी. १९९९ पासून चालू असलेल्या या ऑनलाइन कोशात कोणीही व्याख्या लिहू शकतो, त्यामुळे तिथे थट्टा आणि शिवीगाळही भरपूर सापडते. तिथला अर्थ केवळ सुगावा समजून आपल्या वाक्यांना लावून पाहावा. शब्दाचे वय मात्र ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत किंवा जोनाथन ग्रीन यांच्या स्लँगकोशात तपासावे, कारण तिथे अवतरणे कालक्रमाने दिलेली असतात. ऑक्सफर्डने २०२४ चा वर्षाचा शब्द ठरवलेला ‘ब्रेन रॉट’ १८५४ मध्येच अमेरिकी लेखक थोरोच्या ‘वॉल्डन’ या पुस्तकात आला होता, पण तेव्हा त्याचा मोबाइलवरच्या निकृष्ट मजकुराशी संबंध असणे शक्यच नव्हते, म्हणून शब्दाचे वय आणि आजच्या अर्थाचे वय वेगवेगळे नोंदवावे.

आद्याक्षरांची सुरस कथा भेटली की सरळ संशय घ्यावा. हिंदुस्थानच्या बोटीत जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची खोली घेणाऱ्या श्रीमंतांवरून, म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’च्या आद्याक्षरांतून ‘पॉश’ आला, ही कथा अजूनही ऐकवली जाते, मात्र तिला पुरावा मिळालेला नाही.

शब्द स्वतः वापरायचा असेल, तर तो कोणाच्या तोंडचा आहे हे आधी पाहावे. ‘वोक’ हा आफ्रिकी-अमेरिकी बोलीत वर्णभेदाबाबत सावध असलेल्या माणसासाठीचा शब्द होता. आज विरोधक तोच टोमण्यासारखा फेकतात, त्यामुळे बोलणाऱ्याची बाजू कळल्याखेरीज त्याला दाद देऊ नये. नोकरीच्या अर्जात तर असले शब्द घालूच नयेत.