डॉकिंगचा आकडा प्रबंधात लिहिण्याआधी

माटुंगा, कलिना, विलेपार्ले, कुठल्याही फार्मसी कॉलेजात एम. फार्म.च्या प्रबंधात डॉकिंगचं, म्हणजे औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसेल याच्या संगणकी अंदाजाचं, प्रकरण घालायचं असेल, तर स्वतःचे रेणू लगेच विना या डॉकिंगच्या प्रोग्रॅममध्ये टाकू नका. आधी उत्तर ठाऊक असलेलं गणित सोडवा. सरावाला ट्रिप्सिन हे प्रथिन आणि त्याच्या खोबणीत बसणारा बेंझामिडीन हा छोटा रेणू, ही जोडी उत्तम. प्रोटीन डेटा बँकेत या जोडीची ३पीटीबी (3PTB) ही रचना आहे, रिझोल्यूशन १.७ अँगस्ट्रॉम.

बेंझामिडीन वेगळ्या फाइलमध्ये काढा, पाणी वगळा. कॅल्शियम राहिलं तरी चालेल, ते खोबणीपासून लांब आहे. हायड्रोजन चढवताना बेंझामिडीनवर +१ भार हवा, कारण त्याचा पीकेए (प्रोटॉन किती घट्ट धरला जातो त्याचं माप) ११ च्या पुढे आहे. त्या भारानेच तो खोबणीच्या तळाच्या ऋणभारित अ‍ॅस्पार्टेट १८९ ला धरतो. विना स्कोअर काढताना अणूंवरचे भार मोजत नाही, म्हणून भाराची चूक इथे लपते आणि पुढे एमएम-जीबीएसएत (भार धरून बंधाची ऊर्जा काढायच्या पद्धतीत) अंगाशी येते.

आता बॉक्स, म्हणजे रेणूची जागा जिथे शोधायची तो भाग. केंद्र बेंझामिडीनच्या अणूंच्या सरासरी जागेवर, प्रत्येक बाजू २० अँगस्ट्रॉम. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ऑटोडॉक ४ मध्ये बॉक्स ग्रिडच्या बिंदूंत मोजतात, दोन बिंदूंत ०.३७५ अँगस्ट्रॉम, तिथले ६० म्हणजे २२.५ अँगस्ट्रॉम. तेच ६० विनात उतरवले की ६० अँगस्ट्रॉमचा बॉक्स होतो, घनफळ जवळपास १९ पट. पत्त्यात नुसतं 'दादर' लिहायचं, पूर्व की पश्चिम तेही नाही, आणि कुरियर वेळेत यावं म्हणायचं, तशातला प्रकार.

एक्झॉस्टिव्हनेस, म्हणजे शोध किती कसून घ्यायचा तो आकडा, मुळात ८ असतो, तो ३२ करा. सीड (शोधातल्या यादृच्छिकतेचा सुरुवातीचा आकडा) बदलून तीनदा चालवा. तिन्ही वेळा पहिली पोझ (रेणूची बसण्याची मांडणी) वेगळी आली, तर शोध अपुरा पडलाय.

मग पहिली पोझ मूळ रचनेशी ताडा. आरएमएसडी (दोन्हींतल्या त्याच अणूंच्या अंतराचं सरासरी माप) २ अँगस्ट्रॉमच्या आत हवा, आणि रेणू एकमेकांवर सरकवून न बसवता, आहे त्याच जागी मोजा. बेंझामिडीन सममित आहे. अणुक्रमांकाला अणुक्रमांक जुळवलात तर बरोबर पोझही चुकीची दिसते. सममिती धरणारं साधन वापरा.

राहिला आकडा, म्हणजे विनाचा स्कोअर: बंधाच्या ऊर्जेचा अंदाज, किलोकॅलरी प्रतिमोलमध्ये; जितका जास्त ऋण, तितका बंध घट्ट. २५ अंश सेल्सिअसला १.३६ किलोकॅलरी प्रतिमोल म्हणजे बंधात दहापट फरक. बेंझामिडीनचा प्रयोगातला बंधाचा स्थिरांक सुमारे १८ मायक्रोमोलर, म्हणजे −६.५ च्या आसपास. विनाच्या २०१० च्या मूळ निबंधातच प्रमाण त्रुटी २.८५ दिली आहे, म्हणजे बंधात शंभरपटीहून जास्त! त्यामुळे −८.२ पेक्षा −८.५ 'सरस' असं लिहिलंत की तोंडी परीक्षेत अडकाल. शिवाय रेणू मोठा झाला की स्कोअर आपोआप सुधारतो, म्हणून तुलना साधारण सारख्या आकाराच्या रेणूंतच करा. तक्त्याखाली विनाची आवृत्ती, बॉक्सचं केंद्र, बाजू, एक्झॉस्टिव्हनेस आणि सीड लिहा. हे नसेल तर तुमचा तक्ता दुसऱ्या कुणाला पुन्हा काढता येत नाही.