ख्रिस्ती मंडळीचा पुढारी नेमताना या चुका टाळा

गळा चांगला, गिटार वाजवता येते, प्रार्थना करताना डोळ्यांत पाणी येतं. झाला पुढारी! इंदूरच्या घरगुती प्रार्थनासभांत माणसं अशीच नेमली जातात आणि वर्षभरात "हा असा कसा निघाला?" म्हणून कपाळाला हात लावायची पाळी येते. बायबलमधल्या १ तीमथ्य ३ मध्ये अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, कसा असावा त्याची यादी आहे, तिच्यात गळा कुठेच नाही. संयम, आदरातिथ्य, पैशाचा लोभ नसणं, घर नीट सांभाळणं, हे आहे. कौशल्य म्हणावं असं एकच: शिकवता येणं.

सगळ्यात महागात पडते ती घाई. एका सभेत ईस्टरला बाप्तिस्मा घेतलेला तरुण नाताळात संदेश, म्हणजे प्रवचन, देत होता. बोलणं जोरदार. त्या भरात फेफरं येणाऱ्या एका मुलीच्या आईला तो म्हणाला, "विश्वास आहे ना? मग गोळ्या कशाला?" गोळ्या बंद झाल्या. फेफऱ्याच्या गोळ्या एकदम तोडल्या की झटके वाढतात, कधीकधी थांबतच नाहीत. चौथ्या दिवशी मुलगी दवाखान्यात. मग वडील मंडळींनी पोराला खडसावलं, पण त्याला तिथे उभं केलं कुणी होतं? "नवशिका नसावा" हे त्याच अध्यायाच्या सहाव्या वचनात आहे.

माइक देण्याआधी निदान वर्षभर त्याला खुर्च्या लावू द्या, रविवारच्या शाळेत पोरं सांभाळू द्या, एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात आजाऱ्यांना भेटू द्या. कुणी बघत नसताना खुर्च्या उचलतो का, ते पाहा. मग त्याच्या बायकोला, घरमालकाला आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारा. सातवं वचन बाहेरच्यांचं मत मागतं, ते या शेवटच्या दोघांचंच. वाण्याची उधारी सहा महिने थकवणारा दशमांशाची, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्शाच्या दानाची, पेटी काय सांभाळणार? आणि वर्ष फार होतं म्हणून कुरकुरणाऱ्याला तर दोन वर्षं थांबवावं.

दुसरी चूक पैशाची, आणि हल्ली ती क्यूआर कोडच्या वेषात येते. दानासाठी भिंतीवर चिकटवलेला कोड पुढाऱ्याच्या खासगी खात्याचा. चोरी असतेच असं नाही. पण त्याच खात्यातून पेट्रोल, मुलाची फी, मोबाइलचं रिचार्ज जातं आणि सहा महिन्यांनी दान किती आलं हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. प्रेषित पौलाने वर्गणी नेताना मंडळ्यांनी नेमलेला माणूस बरोबर घेतला, कुणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून (२ करिंथ ८). प्रेषिताला साक्षीदार चालतो, आपल्याला मात्र अपमान वाटतो!

खातं मंडळीच्या नावाचं आणि दोन सह्यांचं हवं. पेटी उपासनेनंतर तिथेच उघडायची, पोहे-जिलेबीच्या आधी. मोजणारे दोघं, एका घरातले नकोत. पाचशेच्या किती, शंभरच्या किती, चिल्लर किती, सगळं वहीत, खाली दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत भरणा. औषधासाठी किंवा छपरासाठी म्हणून आलेली पाकिटं वेगळी. पुढाऱ्याने मोजायला बसूच नये. "आपल्यात कसला हिशेब?" असं कुणी म्हणालं की वही लगेच मागवावी.

प्रार्थनेच्या नावाखाली चहाडी, ही तिसरी. "अमुक ताईंच्या घरी ताण आहे, प्रार्थनेत ठेवा" एवढं व्हॉट्सॲपवर पडलं की पलासियापासून राजवाड्यापर्यंत चर्चा. आधी ताईंना विचारा: काय सांगू, कुणाला सांगू? लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर मात्र गुप्तता नाही. पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं. मंडळीत समेट घडवत बसू नये.

सगळं एकट्याने करणाऱ्याला निर्गम १८ वाचायला द्या. मोशेलाही सासऱ्याने थांबवलं होतं.

यूट्यूबवरून उचललेला संदेश देऊ नका. समोरच्या बाकावरचे तो आधीच ऐकून आलेले असतात.

आणि भाषा. उपासना हिंदीत चालते, ठीक आहे. पण तीस वर्षं हिंदी गीतं गाणाऱ्या मराठी आजी अंथरुणाला खिळल्या की त्यांना "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" हेच हवं असतं, "यहोवा मेरा चरवाहा है" नव्हे. भेटीला जाताना पिशवीत मराठी बायबल ठेवा, मोठ्या अक्षरांचं, आणि स्तोत्र २३ ला खूण घालून.