खानदेशातील छोट्या राज्य मार्गाचा मार्ग आणि इतिहास कसा लिहावा

मुंबई–आग्रा रस्त्याबद्दल हवे तेवढे वाचायला मिळते. परंतु दोंडाईचा–शहादा किंवा पाचोरा–जामनेर यांसारखा, तासाभरात संपणारा रस्ता कोणी सविस्तर लिहून ठेवलेला नसतो. अशा रस्त्याची माहिती गोळा करू इच्छिणाऱ्याने पहिल्या दिवशी कार्यालयात न जाता एक प्रश्न मनाशी पक्का करावा: हा रस्ता मुळात कोठे पोहोचण्यासाठी झाला? खानदेशात याचे उत्तर बहुधा रेल्वे स्टेशन, आठवडे बाजार किंवा नदीचा उतार (पाण्यातून पलीकडे जाण्याची उथळ जागा) यांपैकी एक असते आणि ते सापडले की पुढची कागदपत्रे कोणत्या क्रमाने पाहायची हे आपोआप ठरते.

प्रथम रस्त्याची ओळख निश्चित करावी. महाराष्ट्रात राष्ट्रीय महामार्गाखाली प्रमुख राज्य मार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग (बोलण्यात ‘प्रजिमा’), इतर जिल्हा मार्ग (‘इजिमा’) आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड आहे. प्रमुख जिल्हा मार्गापर्यंतचे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि त्याखालचे जिल्हा परिषदेकडे असतात. वर्गीकरणाच्या या पद्धतीचे मूळ १९४३ च्या नागपूर योजनेत आहे. पाटीवरच्या क्रमांकावर मात्र फार विसंबू नये. रस्ता दर्जोन्नत झाला की क्रमांक बदलतो, जुनी पाटी तशीच राहते आणि लोक तर तिसरेच नाव वापरतात. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलले. जळगाव–धुळे रस्ता ६ चा ५३ झाला, तरी पत्ता सांगताना ‘सहा नंबर’ अजून ऐकू येतो. म्हणून आपल्या टिपणात क्रमांकाशेजारी तो कोणत्या वर्षाच्या कागदावरून घेतला हे लिहावे.

त्यानंतर प्रत्यक्ष मार्ग नोंदवावा. हे काम मोटारीतून होत नाही. दुचाकीवर, सकाळच्या उन्हात, एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत यावे. राज्य मार्गाच्या किलोमीटर दगडाचा माथा हिरवा, तर राष्ट्रीय महामार्गाचा पिवळा असतो. दर पाचवा दगड मोठा असून त्यावर अधिक गावांची नावे असतात. दोन दगडांच्या मध्ये २, ४, ६, ८ असे आकडे घातलेले लहान दगड दिसले, तर ते दोनशे मीटरचे टप्पे समजावेत. पूर्वी याच कामासाठी फर्लांगाचे दगड होते आणि फर्लांगही जवळजवळ तेवढाच, सुमारे २०१ मीटरचा, असल्याने जुने व नवे दगड शेजारी उभे असले तरी नवखा माणूस फसतो. मोरी किंवा पुलाच्या कठड्यावर १२/३ असे लिहिलेले असल्यास त्याचा अर्थ बाराव्या किलोमीटरमधील तिसरे बांधकाम. हे आकडे क्रमाने टिपले की मार्गाचा सांगाडा तयार होतो. आपल्या गावापासून शून्य धरण्याचा मोह टाळावा. आपण ज्याला पूर्ण रस्ता म्हणतो तो एखाद्या लांब मार्गाचा मधलाच तुकडा असू शकतो आणि त्याचे शून्य दुसऱ्या जिल्ह्यात असू शकते.

याच फेरीत जुन्या रस्त्याच्या खुणा शोधाव्यात. कडुनिंब, चिंच किंवा वड यांची जुनी रांग सरळ जाते आणि डांबर मात्र बाजूला वळते, असे दिसले तर तेथे रस्ता सरकवला गेला असण्याची शक्यता मोठी असते. नव्या पुलाच्या खालच्या अंगाला जुना फरशी पूल पडून असतो. गावाबाहेरचे वळण झाल्यावर एकाकी पडलेले पार, धर्मशाळा आणि चहाची बंद दुकानेही जुनी वाट सांगतात.

इतिहासाच्या भागात सर्वांत जास्त वेळ रेल्वे आणि नदी यांना द्यावा. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला, कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि पुढे आग्रा रस्ता लळिंग–धुळे–सोनगीर असा या प्रदेशाचा कणा ठरला. परंतु छोट्या रस्त्यांना खरी गती आली ती १८६० च्या दशकात चाळीसगाव–पाचोरा–जळगाव–भुसावळ या बाजूने लोहमार्ग आल्यावर. याच दशकाच्या आरंभी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला मोठा भाव आला होता. गाठी बैलगाड्यांतून स्टेशनापर्यंत नेण्यासाठी खडीच्या सडका हव्या होत्या. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे आणि चाळीसगाव–धुळे फाटा झाला, तेव्हा आणखी काही गावे स्टेशनची गावे बनली. दोंडाईचा हे त्यांपैकीच एक. तेथून निघून सारंगखेड्याला तापी ओलांडणारा आणि शहाद्याला जाणारा रस्ता पाहिला की स्टेशन, नदी आणि सातपुड्याच्या पायथ्याची बाजारपेठ हे तिन्ही घटक एका रेषेत येतात. तापीचे काठ उंच व मातीचे असल्याने पूल होण्यापूर्वी गाड्या कोठे उतरत आणि पावसाळ्यात नाव कोठे लागत असे, याची चौकशी अवश्य करावी. पुलाची जागा ठरण्यामागे अनेकदा तेच कारण सापडते. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा आणि तिथला घोडेबाजार हाही रस्त्याच्या इतिहासाचाच भाग आहे, कारण यात्रेची वाट बांधलेल्या सडकेपेक्षा जुनी असू शकते. पाचोरा–जामनेर मार्गावर लोहमार्गाचा संबंध आणखी निकटचा आहे. शेंदुर्णी, पहूर ही गावे रस्त्याने जोडली आहेत आणि ‘पीजे’ (पाचोरा–जामनेर) या नॅरोगेज गाडीनेही जोडलेली होती. म्हणून एकाचा इतिहास दुसऱ्याशिवाय लिहिता येत नाही.

जुने कागद शोधताना जिल्ह्यांची नावे लक्षात ठेवावीत, नाहीतर महत्त्वाची नोंद समोर असूनही सुटते. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे दोंडाईचा–शहादा रस्ता पूर्वी एकाच जिल्ह्यात होता आणि आज दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. १८८० चे खानदेश गॅझेटियर इंग्रजीत आहे. त्यातील व्यापाराच्या प्रकरणात रस्ते, पूल आणि नावा यांची माहिती आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे एक इंच एक मैल प्रमाणाचे जुने नकाशे आणि नंतरचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे शेजारी ठेवून पाहिले की गाडवाट केव्हा पक्की सडक झाली, याचा काळ दोन नकाशांच्या वर्षांमध्ये बांधता येतो.

तलाठ्याकडील नोंदींकडे बहुतेक जण जात नाहीत, हे नवल आहे. रस्त्यासाठी जमीन संपादन झाली की कमी-जास्त पत्रक (जमिनीच्या क्षेत्रातील बदल दाखवणारा कागद) होते आणि फेरफार नोंदवला जातो. त्या नोंदीची तारीख कोणाच्याही आठवणीपेक्षा भक्कम असते. सातबाऱ्यावरील ‘पोटखराबा ब’ हा वर्गही पाहावा, कारण सार्वजनिक रस्त्याखालील क्षेत्र तेथे दाखवतात.

वृद्धांशी बोलताना सन विचारू नये. ‘पहिली एसटी आली तेव्हा डांबर होते का?’, ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी कोठे फोडत होतात?’ असे विचारावे. एसटी १९४८ मध्ये सुरू झाली आणि १९७२ च्या दुष्काळी कामांतून पुष्कळ रस्त्यांचे मातीकाम झाले, त्यामुळे उत्तरांना कालखंडाची चौकट मिळते. जुने मैलकुली, म्हणजे रस्त्याच्या ठरावीक टप्प्याची देखभाल करणारे कामगार, भेटले तर त्यांना पहिला मान द्यावा; कोणती मोरी कोणत्या पुरात वाहून गेली हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

कार्यालयीन नोंदी साध्या विनंतीने मिळाल्या नाहीत, तर २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाखाली संबंधित उपविभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. शुल्क १० रुपये असून उत्तराची मुदत सामान्यतः ३० दिवसांची आहे. महाराष्ट्रातील नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून ‘रस्त्याचा संपूर्ण इतिहास द्यावा’ असे न लिहिता दर्जोन्नतीचा आदेश, पुलाच्या कार्यारंभ आदेशाची प्रत किंवा किलोमीटरनिहाय तपशील असा नेमका दस्तऐवज मागावा. दोन कागदांत वेगवेगळी लांबी आढळली, तर मधली संख्या काढू नये. दोन्ही आकडे वर्षांसह लिहावेत, कारण वळण रस्ता झाला किंवा जुना तुकडा नगरपालिकेकडे गेला की लांबी खरोखरच बदलते.