घरात हीट रिकव्हरी बसवताय? या चुका टाळा

जानेवारीत आमच्या जिन्यावरच्या छताला बशीएवढा पिवळट डाग पडला. वरून पाण्याची एकही लाइन जात नाही, कौलं धड होती, आठवडाभर पाऊसही नव्हता. पोटमाळ्यावर चढलो, उबेसाठी अंथरलेला लोकरीचा थर बाजूला केला, तर हीट रिकव्हरीच्या यंत्राकडे बाथरूमची हवा ओढून नेणाऱ्या लवचीक डक्टला, म्हणजे हवेच्या नळाला, दोन तुळयांच्या मध्ये झोळ पडला होता आणि त्या झोळात चांगलं तांब्याभर पाणी होतं. डक्ट हलवला तसं ते डुचमळलं. बसवून देणाऱ्यांनी मात्र कागदावर सगळ्या रकान्यांत ‘बरोबर’च्या खुणा केल्या होत्या.

इंग्लंडमध्ये नव्या घरांत आणि मोठ्या डागडुजीत ही यंत्रणा आता बरीच दिसते. इथे तिला एमव्हीएचआर, म्हणजे ऊब परत मिळवणारं यांत्रिक वायुवीजन, म्हणतात. काम समजायला सोपं आहे: स्वयंपाकघर, बाथरूम, संडासातली दमट, उबदार हवा बाहेर काढायची, बाहेरची ताजी हवा झोपायच्या-बसायच्या खोल्यांत सोडायची, आणि वाटेत दोघींना एकमेकींत न मिसळता जवळून जाऊ द्यायचं, म्हणजे जाणारीची ऊब येणारीला मिळते. बाहेर २ अंश आणि घरात २० अंश असतील, तर ८५ टक्के ऊब परत मिळवणाऱ्या यंत्रातून आत येणारी हवा साधारण १७ अंशांची असते. खिडक्या बंद ठेवून बुरशी पोसायची की उघड्या ठेवून गॅसचं बिल भरायचं, ही थंड देशातली कुचंबणा त्यातून सुटते. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे दगावला. ओल म्हणजे नुसता भिंतीचा रंग जाणं नव्हे, हे त्यानंतर सगळ्यांनाच कळलं.

पाच-सहा वर्षांत इथल्या मराठी मंडळातल्या ओळखीच्यांची बरीच घरं पाहिली. यंत्र बिघडलेलं क्वचितच सापडलं. चुकलेला असतो तो हवेचा जमाखर्च. घरातून जेवढी हवा जाते तेवढीच आत यायला हवी, तीही ठरवून दिलेल्या वाटेने.

जिवावर बेतणारी चूक

गॅस गिझरमुळे बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू, अशा बातम्या आपण महाराष्ट्रात हिवाळा आला की वाचतोच. इथल्या या यंत्रणेतही तोच धोका वेगळ्या वाटेने येतो. घरात उघड्या चिमणीची गॅसची शेगडी, जुना बॉयलर किंवा लाकडाचा स्टोव्ह असेल, तर त्याचा धूर वर जातो तो अगदी हलक्या ओढीवर. यंत्राने हवा काढली जास्त आणि दिली कमी, की घरातला दाब उतरतो, चिमणीतली ओढ उलटते आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो. त्याला ना वास, ना रंग.

जर्मनीत खोलीतली हवा वापरणारा स्टोव्ह आणि हवा काढणारं यंत्र एकत्र असेल, तर ४ पास्कलपेक्षा जास्त उणा दाब चालत नाही. ४ पास्कल म्हणजे पाण्याची अर्धा मिलिमीटरही नसलेली उंची. इतक्याशा फरकासाठी तिथे दाबावर लक्ष ठेवून पंखा बंद करणारं उपकरण लावतात आणि चिमणीवाल्याची संमती घेतात.

गंमत म्हणजे बसवताना तोल बरोबर असला तरी तो नंतर बिघडू शकतो. बाहेरच्या जाळीत कापूस आणि पानांचा चुरा अडकला की येणारी हवा कमी होते, जाणारी तेवढीच राहते. कडाक्याच्या थंडीत यंत्राच्या आत बर्फ धरू नये म्हणून काही यंत्रं आत येणाऱ्या हवेचा पंखा आपोआप मंद करतात किंवा थांबवतात, म्हणजे स्टोव्ह पेटवायच्या रात्रीच घर उण्या दाबात जातं. असं घर असेल तर आधी हवा गरम करून घेणारा हीटर असलेलं यंत्र घ्या, स्टोव्ह बाहेरून स्वतःची हवा घेणारा बसवा, आणि सगळे पंखे पूर्ण वेगात चालवून, दारं-खिडक्या लावून, नोंदणीकृत माणसाकडून चिमणीची चाचणी करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच, पण चाचणीच्या बदल्यात नव्हे.

घरच चुकीचं

फटींतून वारा वाहणाऱ्या शंभर वर्षांच्या घरात हे यंत्र बसवणं म्हणजे फुटक्या रांजणाला चाळणी बसवून पाणी गाळण्यासारखं आहे. हवा यंत्रातून न जाता फटींतूनच जाते-येते, ऊब काही परत मिळत नाही. आधी दाराला मोठा पंखा लावून ५० पास्कलवर गळतीची चाचणी करून घ्या. घराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे तासाला ३ घनमीटरच्या आत आकडा आला तर यंत्राचं चीज होतं. खूप वर असेल तर तो पैसा फटी बुजवण्यात घाला आणि बाथरूम-स्वयंपाकघराला सतत मंद चालणारे साधे पंखे लावा. हे सांगितलं की विक्रेते नाराज होतात.

यंत्र बसवल्यावर खिडक्यांच्या चौकटीतल्या बारीक झडपा तशाच उघड्या ठेवू नका, त्या कायमच्या बंद करायच्या असतात. आणि दारांखाली फट हवी: जमिनीच्या तयार पृष्ठभागापासून १० मिलिमीटर. नवा जाड गालिचा आला की ही फट गायब होते, मग बेडरूममध्ये सोडलेली हवा बाथरूमपर्यंत पोहोचणार कुठून?

डक्ट: सगळा खेळ इथे

आमच्या झोळाकडे परत येतो. बाथरूममधली हवा दमट. थंड पोटमाळ्यावरून आवरण नसलेल्या डक्टमधून ती गेली की आतल्या बाजूला पाणी सुटतं, ते सखल जागी साठतं आणि जोडातून छतावर उतरतं. शिवाय पाण्याने अर्धा भरलेला डक्ट हवेची वाट अडवतो, म्हणून बाथरूमचा आरसा तासभर धूसर राहतो आणि आपण यंत्राला दोष देतो.

थंड पोटमाळ्यातून जाणाऱ्या, घराशी जोडलेल्या प्रत्येक डक्टवर निदान २५ मिलिमीटर जाडीचं चांगलं आवरण हवं. मी तर जास्तच घातलं. पण याच्या बरोबर उलटी चूक लोकांच्या ध्यानात येत नाही. यंत्र घराच्या आत, उबदार कपाटात असेल, तर बाहेरून येणारा आणि बाहेर जाणारा हे दोन डक्ट थंड असतात, आणि फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा त्यांना बाहेरून घाम फुटतो. तिथे नुसती लोकर गुंडाळून भागत नाही. वाफ आत शिरणार नाही असं, बंद पेशींच्या फोमचं आवरण लागतं आणि त्याचा प्रत्येक सांधा टेपने बंद करावा लागतो. नाही तर लोकर भिजते आणि कपाटालाच बुरशी येते. एका घरात मी हे पाहिलंय: बुरशी घालवायला बसवलेल्या यंत्राच्या मागेच काळी भिंत.

लवचीक डक्ट स्वस्त आणि बसवायला सोपा, म्हणून कारागिरांचा लाडका. त्याच्या आतल्या वळ्यांना हवा घासते, वळणावर तो चेपतो, न ताणता टाकला तर झोळ पडतो. कडक डक्ट वापरा किंवा आतून गुळगुळीत असलेले अर्धकडक नळ. लवचीक तुकडा फक्त शेवटच्या जोडाला, हातभर, ताणून.

बाहेरच्या तोंडांबद्दल थोडक्यात. हवा घेणारं तोंड बॉयलरच्या धुरांड्यापासून, संडासाच्या वेंटपासून, कचऱ्याच्या डब्यांपासून आणि गाडी लावायच्या जागेपासून लांब. आणि आपल्याच यंत्राच्या हवा सोडणाऱ्या तोंडापासूनही. उत्पादकाने दिलेलं अंतर पाळा. जाणारी हवा छपराच्या कडेखाली सोडू नका, ती तिथल्याच फटींतून पोटमाळ्यात परत शिरते.

आणि डक्ट उलटे जोडले गेले नाहीत ना, हे टॉयलेट पेपरच्या एका तुकड्याने बघा. बाथरूमच्या जाळीला तो चिकटला पाहिजे, बेडरूमच्या जाळीपासून दूर उडाला पाहिजे. हसू नका, उलटं जोडलेलं घर मी पाहिलंय, त्यांना दर सकाळी बेडरूममध्ये साबणाचा वास यायचा.

गुडगुड आवाज

यंत्रात सुटणारं पाणी वाहून नेणारी बारीक नळी असते. ती उताराने गेली पाहिजे, तिला ट्रॅप, म्हणजे पाणी साठून हवा अडवणारं वळण, पाहिजे, थंड जागेत तिच्यावर आवरण पाहिजे. उन्हाळ्यात पाणी सुटत नाही, ट्रॅप वाळतो, आणि शरद ऋतूत यंत्रातून हुक्क्यासारखा गुडगुड आवाज येऊ लागतो. पंखा नळीतून उलटी हवा ओढतो, पाणी उतरत नाही आणि शेवटी यंत्राच्या तळातून ठिबकतं. ट्रॅपमध्ये पेलाभर पाणी ओता, आवाज थांबेल. कायमचा उपाय म्हणजे पाण्याशिवाय बंद होणारा रबरी झडपेचा ट्रॅप. नळी सांडपाण्याच्या पाइपला नुसतीच खोचून ठेवली असेल तर गटाराचा वास घरभर फिरेल, हे वेगळं सांगायला नको.

आपलं स्वयंपाकघर

इथली यंत्रणा उकडलेल्या बटाट्यांच्या हिशेबाने आखलेली असते. आपली हिंग-मोहरीची फोडणी, मिरच्यांचा खाट आणि दिवाळीची कढई तिच्या गावी नाही. म्हणून शेगडीवरच्या हूडचा पाइप या डक्टला जोडायचा मोह होतो. जोडू नका. तेलाची वाफ डक्टमध्ये आणि यंत्राच्या गाभ्यात, म्हणजे ऊब अदलाबदल होते त्या भागात, चिकटते, ती धुवून निघत नाही आणि पेट घेऊ शकते. कपडे वाळवायच्या यंत्राचंही तेच, त्याचा कापूस अडकतो. स्वयंपाकघरातली जाळी शेगडीच्या डोक्यावर नको, थोडी लांब, आणि तिला धुता येणारा तेलाचा फिल्टर हवा. फोडणीसाठी माझं मत स्पष्ट आहे: बाहेर सोडणारा, उलटझडप असलेला वेगळा हूड, आणि तो चालू असताना खिडकी किलकिली. घरात उघड्या चिमणीचा स्टोव्ह असेल तर मात्र वर सांगितलेली चाचणी हा हूडही चालू ठेवून करायची.

पोटमाळ्यावर चढण्याआधी

स्वतः करणाऱ्यांसाठी: तुळयांवर फळ्या टाकूनच चाला, मधलं जिप्समचं छत माणसाचं वजन पेलत नाही. छपराच्या तयार कैच्यांतला एकही लाकडी तुकडा डक्टसाठी कापू नका. घर २००० च्या आधीचं असेल तर नक्षीदार खरखरीत लेपाच्या छताला भोक पाडण्याआधी नमुना तपासून घ्या. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, आधीच्या लेपांत ते असू शकतं. विटांच्या भिंतीला मोठं भोक पाडताना पाणी आणि चांगला मास्क वापरा. वायरिंग इलेक्ट्रिशियनचं, यंत्राजवळ वेगळा बंद करायचा स्विच, आणि फिल्टर काढतानाही तो बंद. फ्लॅट असेल तर दोन घरांमधल्या आगरोधक भिंतीतून डक्ट नेताना आग लागल्यावर बंद होणारी झडप लागते. हे काम हौसेचं नाही.

प्लास्टर आणि घासकाम संपेपर्यंत डक्टची तोंडं टेपने बंद ठेवा आणि यंत्र अजिबात चालवू नका. पांढरी धूळ गाभ्यात गेली की ती आयुष्यभराची.

मोजल्याशिवाय पैसे देऊ नका

इंग्लंडच्या नियमांत तीन बेडरूमच्या घराला सेकंदाला किमान ३१ लिटर हवा लागते, किंवा दर चौरस मीटरला ०.३ लिटर, यातलं जे जास्त असेल ते. हवा काढण्याचा जास्तीचा वेग स्वयंपाकघराला १३, बाथरूमला ८, धुण्याच्या खोलीला ८, संडासाला ६. बेरीज ३५. म्हणजे यंत्र ३५ लिटर आरामात, आवाज न करता काढू शकेल असं हवं. शेवटच्या वेगावर धापा टाकत काढणारं नको. प्रत्येक जाळीवर टोपीसारखा हूड धरून हवामापकाने आकडा घ्यायचा, जाळी फिरवून जुळवायची आणि तिथेच घट्ट करायची. खोलीगणिक आकडे लिहिलेला कागद मागा. आमच्याकडच्या कागदावर सगळ्या बेडरूमचा आकडा एकच होता, दशांश चिन्हापर्यंत. तेव्हाच शंका यायला हवी होती.

रात्री घूं घूं आवाज येत असेल तर यंत्राजवळ सायलेन्सर नाही किंवा डक्ट चेपलाय. शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत असेल तर दोन्ही खोल्या एकाच डक्टवर आहेत. कुठे शिट्टी वाजली तर कोणीतरी जाळी फिरवली आहे.

आमच्याकडे ती बैठकीच्या खोलीत वाजायला लागली, गेल्या वर्षी आई साताऱ्याहून आली तेव्हा. दोन दिवस शोधत होतो. तिसऱ्या दिवशी तिच्या खोलीच्या छतातल्या जाळीतून माझाच लोकरी पायमोजा निघाला, व्यवस्थित घडी करून कोंबलेला. “रात्रभर डोक्यावर वारं येतं रे,” आई म्हणाली. तिचं चुकलं नव्हतं, जाळी थेट उशीवर होती. मोजा काढला, झोत भिंतीकडे वळेल असं जाळीचं तोंड बदललं आणि पलंग दोन फूट सरकवला.