लेह ते पोर्ट ब्लेअर: अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

लडाख आणि अंदमान एकाच सुट्टीत करायचं म्हणणारे बरेच जण नेटवर लेह ते पोर्ट ब्लेअर टाकतात, तिथे चार तास दिसतात आणि त्यावर सगळा प्लॅन ठरतो, पण ते चार तास निव्वळ गणितातले आहेत कारण थेट विमानच नाहीये.

आधी अंतर बघू. कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडा, लेहच्या विमानतळावर राइट क्लिक करून अंतर मोजायचा पर्याय घ्या आणि मग पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर क्लिक करा, साधारण २,९४० किमी येईल. वेळेसाठी त्याला ताशी ८०० ने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर धरायचा, की झाले चार-सव्वाचार तास. वेबसाइटवाले एवढंच करतात.

आता दिल्लीवरून जाणारा खरा रस्ता बघा. लेह-दिल्ली साधारण ६२० किमी, दिल्ली-पोर्ट ब्लेअर २,४८० च्या आसपास, म्हणजे एकूण ३,१०० किमी. वळसा जेमतेम १६०-१७० किमीचा! हवेतला वेळ पहिल्या टप्प्याला सव्वा ते दीड तास आणि दुसऱ्याला साडेतीन तासांच्या पुढे, मिळून पाचेक तास. दिवस खातो तो दिल्लीतला थांबा.

त्यात लेहची विमानं बहुतेक सकाळीच असतात, कारण दुपारी वारा वाढतो, आणि विमानतळ जवळपास ३,२५० मीटरवर, तिथली हवा आधीच विरळ, ती तापली की आणखी विरळ होते आणि विमानाला उचल कमी मिळते. हवा बिघडली की फ्लाइट रद्द, आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं असतं ते वेगळंच. म्हणून दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर घ्या, म्हणजे पहिलं विमान रद्द किंवा लेट झाल्यामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय एअरलाइनने करायची असते. वेगवेगळी काढलीत तर सामान दिल्लीत घेऊन परत चेक-इन करावं लागतं, टर्मिनलही बदलू शकतं, अशावेळी दोन-तीन तासांच्या गॅपवर भरवसा ठेवू नका, सरळ दिल्लीत रात्र काढा आणि सकाळचं विमान धरा. मी तर एकाच बुकिंगवर असतानाही मुक्कामच सुचवेन, विशेषतः आईबाबा सोबत असतील तर.

अजून एक, घड्याळ दोन्हीकडे सारखंच पण पोर्ट ब्लेअर इतकं पूर्वेला आहे की डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, दुपारी उशिरा उतरलात तर सेल्युलर जेल दुसऱ्या दिवशीच ठेवा. आणि बुकिंग करताना शहराचं नवीन नाव श्री विजयपुरम दिसलं तर गोंधळू नका, २०२४ मध्ये बदललंय.

उलट, अंदमानहून लेहला जाणार असाल तर समुद्रसपाटीवरून थेट त्या उंचीवर जाताय, लेहमध्ये पहिले दोन दिवस फक्त आरामाचे धरा, खारदुंगला खिंड, पँगाँग तलाव त्यानंतरच.